माल निघण्याआधीची तिऱ्हाईत तपासणी: घ्यावी का, आणि घेतली तर काय मागून घ्यावं

कारखान्यात माल तयार झालाय, पॅकिंग संपत आलंय, आणि गाडी लागण्याआधी बाहेरच्या एजन्सीचा इन्स्पेक्टर येतो. काही नग काढतो, मापतो, फोटो घेतो आणि दुसऱ्या दिवशी खरेदीदाराच्या मेलमध्ये रिपोर्ट पडतो. हा रिव्ह्यू या सेवेचा आहे, एखाद्या ठरावीक एजन्सीचा नाही. नाव कुठलंही असलं तरी ढाचा जवळपास सारखाच असतो आणि त्रुटीही त्याच त्या असतात.

निकाल आधीच देऊन टाकतो. सेवा घेण्यासारखी आहे. पण बहुतेकजण ती उशिरा घेतात, अर्धवट कागद देऊन घेतात आणि रिपोर्टचं फक्त पहिलं पान वाचतात. अशा वापराला पाचपैकी दोन. नीट वापरलीत तर चार. पाचवा गुण का नाही, ते पुढे येईलच.

उदाहरण म्हणून सगळीकडे एकच माल धरू: दुहेरी भिंतीच्या, व्हॅक्यूम असलेल्या स्टीलच्या बाटल्या, एकूण ३,००० नग, एका खोक्यात २४, म्हणजे १२५ खोकी. वेल्डिंग, रंग, प्लॅस्टिकचं झाकण, रबरी रिंग, छपाई, पॅकिंग असं सगळंच या एका वस्तूत येतं.

एका दिवसात काय बसतं

ही सेवा दिवसावर विकली जाते. एक माणूस, एक दिवस. खरेदीदार मात्र मनात धरून चालतो की आपण 'तपासणी' विकत घेतली. इथूनच गैरसमज सुरू होतो, म्हणून दिवसाचा हिशेब मांडून बघा. पोचल्यावर माल मोजणं आणि कागद जुळवणं, ४५ मिनिटं. खोकी निवडून थप्पीतून काढून टेबलापर्यंत आणणं, आणखी ४५. १२५ नग डोळ्यांनी तपासायचे, प्रत्येकी दीड मिनिट धरलं तर १८७ मिनिटं. १३ नगांची प्रत्येकी सहा मापं, अर्धा मिनिट एका मापाला, ३९ मिनिटं. चाचण्यांना तासभर. खोक्यांची मापं, लेबलं, बारकोड आणि ड्रॉप टेस्ट (खोकं उंचावरून पाडून बघणं), ४० मिनिटं. फोटो लावून रिपोर्टचा कच्चा मसुदा, एक तास. झाली ४७६ मिनिटं, म्हणजे आठ तास भरले. जेवणाची सुट्टी अजून धरलेलीच नाही.

त्यामुळे चेकलिस्टमध्ये आणखी पंधरा मुद्दे घुसवलेत तर ते तपासले जातील अशी आशा धरू नका. इन्स्पेक्टर कुठेतरी वेळ वाचवणार, आणि तो वाचतो डोळ्यांच्या तपासणीतून, कारण दीड मिनिटाचं चाळीस सेकंद झालं तर ते फोटोत दिसत नाही. मुद्दे जास्त असतील तर दोन माणसं मागा नाहीतर दोन दिवस घ्या. चांगली एजन्सी हे बुकिंगच्या वेळीच सांगते. ३,००० नग, पाच रंग, वीस चाचण्या, आणि 'हो, एका दिवसात करू' असं उत्तर आलं, तर दुसरी एजन्सी बघा.

१२५ नग कुठून आले

सॅम्पलचा आकडा इन्स्पेक्टरच्या मनाचा नसतो. तो आयएसओ २८५९-१ च्या तक्त्यातून येतो. हा तक्ता मूळ अमेरिकी लष्कराच्या मिल-एसटीडी-१०५ या मानकातून उतरलेला. ते मानक १९९५ मध्ये रद्द झालं, तरी जुने लोक अजून त्याच नावाने बोलतात. १,२०१ ते ३,२०० नगांच्या लॉटला जनरल लेव्हल दोनवर (तपासणीची नेहमीची पातळी) 'के' हे अक्षर लागतं आणि 'के' म्हणजे १२५ नग. लॉट ५०१ ते १,२०० असेल तर ८०, आणि ३,२०१ ते १०,००० असेल तर २००.

ग्राहकोपयोगी मालात गंभीर दोषाला शून्य, मोठ्या दोषाला एक्यूएल (स्वीकारार्ह गुणवत्ता पातळी) २.५ आणि किरकोळ दोषाला ४.० असं सर्रास धरलं जातं. १२५ नगांत मोठे दोष सातपर्यंत चालतात, आठव्याला लॉट नापास. किरकोळ दहापर्यंत, अकराव्याला नापास. एका नगावर तीन दोष सापडले तर साधारण प्रघात असा, की तो नग एकदाच आणि त्यातल्या सर्वात वाईट दोषाखाली मोजायचा. तुमची एजन्सी कसं मोजते ते विचारून घ्या, कारण त्यावर निकाल फिरू शकतो.

एक्यूएल २.५ म्हणजे 'अडीच टक्के खराब माल घ्यायला आम्ही राजी', असा अर्थ कारखानेही काढतात आणि खरेदीदारही. तसं नाही. कारखान्याची सरासरी सातत्याने जेवढी खराब असली तरी लॉट बहुतेक वेळा पास व्हावेत, ती पातळी म्हणजे एक्यूएल. एकेका लॉटबद्दल ती काहीच वचन देत नाही. अडीच टक्के दोषांचा लॉट या योजनेत शंभरातल्या ९८ वेळा पास होतो, हे ठीकच. पण पाच टक्के दोष असलेला लॉटसुद्धा सुमारे ७० टक्के वेळा पास होतो, म्हणजे ३,००० बाटल्यांत १५० गळक्या असल्या तरी. दहा टक्के दोष असतील तेव्हा कुठे पास होण्याची शक्यता सहा-सात टक्क्यांवर येते. ढोबळ बिघाड पकडायला ही चाळण उत्तम, बारीक फरक तिला दिसत नाही.

गंभीर दोषांच्या बाबतीत हे जास्त बोचतं. समजा, तोंडाच्या कडेला धातूची धारदार कड (बर) राहिलेला नग शंभरात एक आहे. १२५ नगांत असा एकही न सापडण्याची शक्यता २८ टक्के. दोनशेत एक असेल तर ५३ टक्के, म्हणजे नाणेफेकच. हाताला किंवा ओठाला कापणारी, शॉक देणारी, लहान मुलाच्या घशात अडकणारी गोष्ट सॅम्पलिंगवर सोडायची नसते. तिथे कारखान्यात प्रत्येक नगाची तपासणी हवी. इन्स्पेक्टरने बघायचं ते हे, की ती तपासणी खरंच होते का, तिची नोंद आहे का, आणि मुद्दाम खराब नग टाकला तर तो पकडला जातो का. पाचवा गुण इथे गेला. सेवा कितीही चांगली असली तरी तिचं गणितच एवढं.

रंगांचाही एक घोळ आहे. ३,००० बाटल्या पाच रंगांत, प्रत्येकी ६००. इन्स्पेक्टर प्रत्येक रंगाचे २५ नग घेतो आणि पूर्ण लॉटचा एक निकाल देतो. निळ्या रंगाची भट्टी बिघडलेली असेल तर त्या २५ पैकी सहा नापास होऊनही लॉट पास होऊ शकतो. प्रत्येक रंगाचा स्वतंत्र निकाल हवा असेल तर ६०० च्या लॉटला ८० नग लागतात, पाच रंगांचे ४००, आणि दिवस वाढतात. मधला मार्ग असा: निकाल एकच ठेवा, पण दोषांची मोजणी रंगवार मागा. याला जास्तीचा वेळ लागत नाही, आणि सहाच्या सहा दोष निळ्यातच आहेत हे पहिल्या नजरेत कळतं.

खोकी कोण निवडतं

रिपोर्टची विश्वासार्हता इथेच ठरते. प्रचलित ठोकताळा असा, की एकूण खोक्यांच्या वर्गमुळाइतकी खोकी किमान उघडायची. १२५ चं वर्गमूळ ११ च्या थोडं वर, म्हणजे १२ खोकी, आणि प्रत्येकातून दहा-अकरा नग. खोक्यांचे नंबर इन्स्पेक्टरने यादीवरून आधी ठरवायचे आणि मग कामगारांनी ती खोकी काढून आणायची. थप्पीच्या मधली, खालच्या थरातली, मागच्या भिंतीलगतची. होतं काय, की समोरच्या थरातली 'सोयीची' खोकी पुढे सरकवली जातात. फोर्कलिफ्ट बाहेर गेलंय, थप्पी हलवता येणार नाही, अशी कारणं तयार असतात.

चेकलिस्टमध्ये दोन ओळी घाला. निवडलेल्या खोक्यांचे नंबर रिपोर्टमध्ये हवेत, आणि काढण्याआधी ती थप्पीत जिथे होती तिथला फोटो हवा. फोटोत बारा खोक्यांची टेप नवी चकचकीत आणि बाकी थप्पीवर धूळ दिसली, तर विचारणा करायला हरकत नाही.

साधारण अट असते की माल शंभर टक्के बनलेला आणि किमान ८० टक्के पॅक झालेला असावा. उरलेल्या वीस टक्क्यांत कोणता माल असतो याचा विचार कमी लोक करतात. रिवर्कला, म्हणजे दुरुस्तीला, गेलेले नग सगळ्यात शेवटी परत येतात. म्हणजे ज्या ६०० बाटल्यांवर एकदा शंका आली होती, त्या त्याच वीस टक्क्यांत असण्याची शक्यता जास्त. पॅक न झालेल्या ढिगातूनही त्याच प्रमाणात नग उचला, असं स्पष्ट लिहून द्या. १२५ पैकी २५ तिथले.

जागेवरच्या चाचण्या: कुठे दम आहे, कुठे देखावा

सगळ्या नगांवर सगळ्या चाचण्या होत नाहीत. वेळ खाणाऱ्या किंवा नग खराब करणाऱ्या चाचण्यांना तक्त्यात स्पेशल लेव्हल आहेत. आपल्या लॉटला एस-१ वर ५ नग, एस-२ वर ८, एस-३ वर १३ आणि एस-४ वर ३२.

उष्णता टिकण्याच्या चाचणीवरून इन्स्पेक्टर पारखता येतो. बाटलीत उकळतं पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि सहा तासांनी तापमान मोजायचं, अशी तुमची अट आहे असं धरू. सहा तास लागणार म्हणजे या चाचणीचे (एस-२ चे) आठ नग इन्स्पेक्टरने पोचल्या पोचल्या, मोजणीच्याही आधी भरून ठेवायला हवेत. अनुभवी माणूस हेच करतो. रिपोर्टमधल्या फोटोंच्या वेळा बघा. पाणी भरतानाचा फोटो दुपारी साडेबाराचा आणि थर्मामीटरचा साडेचारचा असेल, तर शेजारी 'सहा तास, पास' लिहिलेलं असलं तरी चाचणी चार तासांचीच झाली. खोलीचं तापमान आणि सुरुवातीचं पाण्याचं तापमान नोंदलेलं नसेल तर शेवटच्या आकड्याला अर्थ नाही.

व्हॅक्यूम मुळातच नसेल तर ते याहून लवकर कळतं: गरम पाणी भरून पाच-दहा मिनिटांनी बाहेरून हात लावला की भिंत तापलेली लागते. ही चाचणी ३२ नगांवर सहज होते आणि सहा तासांच्या चाचणीपेक्षा जास्त काही सांगते. मर्यादा एवढीच, की वेल्डमध्ये केसाएवढी गळती असेल तर व्हॅक्यूम हळूहळू जातो. तपासणीच्या दिवशी पास झालेली बाटली नंतर फेल होऊ शकते. त्यासाठी कारखान्याने माल काही दिवस ठेवून दुसऱ्यांदा तापमान चाचणी घेतली का, हे विचारायचं आणि नोंदवही बघायची.

गळतीची चाचणी साधी आहे. पाणी भरून, झाकण ठरलेल्या जोराने लावून, बाटली कागदावर उलटी ठेवायची. 'ठरलेल्या जोराने' हे महत्त्वाचं. इन्स्पेक्टरने मनगट पिळून झाकण आवळलं तर रिंग बसलेली नसतानाही गळत नाही. आवळण्याचा जोर मोजणारं टॉर्क मीटर नसेल तर निदान एकाच माणसाने सगळी झाकणं लावावीत.

चुंबकाची चाचणी मात्र देखावा. 'चुंबक चिकटला नाही, म्हणजे ३०४ ग्रेड' असं रिपोर्टमध्ये दिसलं तर ती ओळ खोडा. २०१ या हलक्या स्टेनलेस ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, आणि खरी ३०४ ओढून, दाबून आकार दिल्यावर थोडी चुंबकीय होते, खासकरून तळाशी आणि गळ्याशी. फरक रसायनात आहे. ३०४ मध्ये निकेल ८ ते १०.५ टक्के आणि मँगनीज जास्तीत जास्त २. २०१ मध्ये निकेल ३.५ ते ५.५ आणि मँगनीज ५.५ ते ७.५. हातातल्या एक्सआरएफ गनने (क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणारं साधन) हे काही सेकंदांत कळतं. गन नसेल तर मँगनीज ओळखणारा थेंब टाकून रंग बघतात. ढोबळ निवाड्याला तेही चालतं. एजन्सीकडे गन आहे का, हे बुकिंगच्या वेळी विचारा. आतली भिंत आणि बाहेरची भिंत दोन्हींवर लावा, कारण बाहेरची भिंत हलक्या ग्रेडची असणं ही नेहमीची काटकसर. गन कार्बन मात्र ओळखत नाही, त्यामुळे ३०४ आणि कमी कार्बनची ३०४एल यांतला वाद तिच्याने सुटणार नाही.

रंग धरला आहे का हे आयएसओ २४०९ च्या जाळीने बघतात. सहा रेघा उभ्या, सहा आडव्या, म्हणजे २५ चौकोन. थर ६० मायक्रॉनपर्यंत असेल तर रेघांत एक मिलिमीटर अंतर आणि ६१ ते १२० असेल तर दोन. पावडर कोटिंग बहुधा दुसऱ्या गटात मोडतं, पण एक मिलिमीटरचं ब्लेड घेऊन आलेला इन्स्पेक्टर तेच वापरतो, आणि जाड थर उगाच फेल होतो. रेघ धातूपर्यंत पोचली पाहिजे. चिकटपट्टी लावून पाच मिनिटांच्या आत, साधारण ६० अंशांच्या कोनात, एका झटक्यात ओढायची. शून्य ते पाच अशी प्रत असते. एकही चौकोन सुटला नाही तर शून्य, पाच टक्क्यांच्या आत गेलं तर एक. तुम्हाला किती चालेल ते आधी लिहून द्या. न लिहिल्यास 'किरकोळ सोलणे, खरेदीदाराने ठरवावे' असा शेरा येतो आणि निर्णय परत तुमच्याच गळ्यात.

ड्रॉप टेस्ट सोपी, म्हणूनच उरकली जाते. २४ बाटल्यांचं खोकं नऊ किलोच्या आसपास. दहा किलोच्या आतल्या खोक्याला इस्टा-१ए या पॅकिंग चाचणीच्या पद्धतीत ७६ सेंटिमीटर उंची, दहा वेळा पाडणं: एक कोपरा, त्या कोपऱ्याच्या तीन कडा, मग सहाही बाजू. वजन दहाच्या वर गेलं की उंची ६१ वर येते, त्यामुळे आधी वजन. व्हिडिओ मागा. कमरेच्या उंचीवरून खोकं पायावर सरकवत सोडलेलं व्हिडिओत लगेच दिसतं. आणि पाडल्यावर खोकं उघडून आतले २४ नग तपासायचे असतात. बाहेरचा पुठ्ठा चेपला की नाही एवढ्यावर निकाल द्यायचा नसतो.

माप घेणारं साधन

जुना दहास एक नियम अजून कामाचा आहे: साधनाची चूक टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) पूर्ण पट्ट्याच्या दहाव्या भागाइतकी किंवा कमी असावी. गळ्याच्या बाहेरच्या व्यासाला ±०.१ मिमी दिलं असेल तर पट्टा ०.२, आणि ±०.०२ अचूकतेचा डिजिटल व्हर्निअर जेमतेम चालतो. ±०.०५ दिलं असेल तर मायक्रोमीटर हवा. डिस्प्लेवर ०.०१ दिसतं म्हणून व्हर्निअर ०.०१ पर्यंत खरा असतो, असं नाही. आट्यांसाठी व्हर्निअर बाजूला ठेवा. गो-नोगो रिंग गेज द्या: गो शेवटपर्यंत फिरलं पाहिजे, नोगो सुरुवातीलाच अडकलं पाहिजे. गेज तुमचंच पाठवा, कॅलिब्रेशनच्या तारखेसह. कारखान्याचं गेज झिजलेलं असेल तर कारखान्याचा माल त्यात बसणारच.

तापमानाकडे कोणी बघत नाही. मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. स्टीलच्या बाटलीच्या छोट्या व्यासाला फरक नगण्य, पण ३०० मिमी लांब ॲल्युमिनियमचा भाग ३५ अंशांच्या शेडमध्ये मोजला तर तो सुमारे ०.१ मिमी जास्त भरतो. भट्टीतून नुकत्याच आलेल्या भागाचं विचारूच नका. झाकण पॉलिप्रॉपिलीनचं असेल तर मोल्डमधून निघाल्यावरही ते एक-दोन दिवस आकसत राहतं. सकाळी मोल्ड झालेलं झाकण दुपारी ओके दाखवतं आणि परवा घट्ट बसतं. झाकणाची मापं किमान २४ तासांनी घ्यायची, ही अट ड्रॉइंगवरच टाका.

तुमच्या बाजूचा गृहपाठ

इन्स्पेक्टर तुमची वस्तू त्या दिवशी पहिल्यांदा बघत असतो. त्याला तुमच्या डोळ्यांनी बघायला लावायचं तर तीन गोष्टी द्याव्या लागतात. एक, मंजूर नमुना, सही-सील केलेला. एक संच तुमच्याकडे, एक कारखान्याकडे, एक एजन्सीकडे. कारखान्याकडचाच नमुना वापरायचा असेल तर सील शाबूत असल्याचा फोटो मागा. दोन, दोषांची यादी, वर्गवारीसह आणि मापासह. 'स्क्रॅच चालणार नाही' ही सूचना नाही, तक्रार आहे. 'हातभर अंतरावरून, १,००० लक्स उजेडात, समोरच्या बाजूला ५ मिमीपेक्षा लांब ओरखडा मोठा दोष. तळाला १० मिमीपर्यंत किरकोळ' ही सूचना. तीन, सीमेवरचे नमुने: इतका डाग चालेल, याच्या पुढचा नाही. शब्दांपेक्षा हे दोन नग जास्त वाद मिटवतात. रंगाच्या बाबतीत तर नक्कीच, कारण साध्या ट्यूबलाइटखाली जुळणारे दोन निळे उन्हात वेगळे दिसू शकतात. डी६५ उजेडाचा (प्रमाणित दिवसाच्या उजेडाचा) डबा कारखान्यात आहे का, ते आधीच विचारून ठेवा.

हा गृहपाठ न करता मागवलेल्या तपासणीत एजन्सी स्वतःची सर्वसाधारण चेकलिस्ट वापरते. ती वाईट नसते. पण तिच्यात तुमच्या रबरी रिंगेचा उल्लेख नसतो.

रिपोर्ट वाचताना

पहिल्या पानावर पास, फेल किंवा पेंडिंग. घाईत लोक पास बघून पैसे सोडतात. खरा मजकूर शेऱ्यांमध्ये असतो. 'लोगो मंजूर नमुन्यापेक्षा अंदाजे २ मिमी खाली, सर्व नगांवर' असं वाक्य शेऱ्यात आणि निकाल पास, हे चालतं; कारण लोगोच्या जागेला टॉलरन्स तुम्ही दिलंच नव्हतं, म्हणून दोषात मोजता आलं नाही. दोषांच्या आकड्यात काठावर किती, तेही बघा. आठव्याला फेल असताना सात सापडले असतील तर पुढच्या लॉटला नियम घट्ट करा.

कारखान्याने रिपोर्टवर सही करणं म्हणजे निष्कर्ष मान्य करणं नव्हे, निरीक्षणं दाखवली गेली याची पोच. पास-फेलचा अंतिम शब्द इन्स्पेक्टरने जागेवर द्यायचा नसतो, आधी तुमच्याकडे यायला हवा. जागेवर निकाल सांगितला की घासाघीस सुरू होते. पाहुणचाराचे प्रकार घडतात, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. एकाच कारखान्यात दर वेळी तोच माणूस जात असेल तर बदलून मागा, एजन्सीने त्याला नाही म्हणू नये.

नापास झाल्यावर

इथे सर्वात जास्त फसवणूक होते, बऱ्याचदा कुणाचाही वाईट हेतू नसताना. लॉट फेल, कारखाना म्हणतो 'सॉर्टिंग केलं', दोन दिवसांनी पुन्हा तपासणी, पास. पाच टक्के दोषांचा लॉट ७० टक्के वेळा पास होतो, हे वर आलंच. आता काहीही दुरुस्ती न करता तोच लॉट दुसऱ्यांदा पुढे केला, तर दोनपैकी एका वेळी तरी पास होण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर जाते. मानकातली अट स्पष्ट आहे: नापास लॉटमधला प्रत्येक नग तपासून, खराब नग काढून किंवा दुरुस्त करूनच तो पुन्हा सादर करायचा. म्हणून फेरतपासणीआधी सॉर्टिंगची नोंद मागा. ३,००० पैकी किती तपासले, कोणता दोष किती निघाला, काढलेले नग कुठे आहेत. काढलेल्या नगांचा ढीग इन्स्पेक्टरला दाखवता आला पाहिजे. 'सगळे चांगले निघाले' हे उत्तर आलं तर सॉर्टिंग झालेलंच नाही.

फेरतपासणी घट्ट योजनेवर घ्या. नग तेच १२५, पण मोठे दोष पाचपर्यंतच, सहाव्याला फेल. पाच टक्क्यांचा न सुधारलेला लॉट मग ४० टक्क्यांच्या आसपासच निसटतो. फेरतपासणीचा खर्च कारखान्याने द्यायचा, हे खरेदीच्या करारात आधीच लिहिलेलं असावं. लॉट फेल झाल्यावर हा मुद्दा काढलात तर भांडण ठरलेलं.

कोणता प्रकार घ्यावा

उत्पादन चालू असतानाची तपासणी, म्हणजे माल वीस-तीस टक्के बनलेला असताना: पाचपैकी साडेचार. या टप्प्यावर वेल्डिंगचा जिग (भाग जागेवर धरणारा साचा) हललाय, भट्टीचं तापमान कमी आहे, रिंग चुकीच्या कडकपणाची आलीय, हे कळलं तर उरलेला सत्तर टक्के माल वाचतो. अंतिम तपासणीत तेच कळलं तर रिवर्क, नाहीतर भंगार. नवा कारखाना, नवं मोल्ड किंवा बदललेला कच्चा माल असेल तर दोनपैकी एकच परवडत असलं तरी हीच घ्या.

माल निघण्याआधीची तपासणी: वर म्हटल्याप्रमाणे चार, गृहपाठासह. सलग लॉट पास होत असतील तर मानकात सौम्य, म्हणजे कमी नगांच्या, योजनेची सोय आहे. तिकडे नियमानुसार जावं, मर्जीनुसार नाही. उलट, लागोपाठच्या पाच लॉटपैकी दोन फेल झाले की घट्ट योजना लागते आणि सलग पाच पास होईपर्यंत राहते. बहुतेक एजन्सी हा बदल आपणहून करत नाहीत, तुम्हीच हिशेब ठेवा.

एजन्सी निवडताना आयएसओ/आयईसी १७०२० ची (तपासणी संस्थांच्या मानकाची) मान्यता बघा आणि त्यात प्रकार ए आहे का, ते विचारा. ए म्हणजे तपासल्या जाणाऱ्या मालाशी संबंध नसलेली स्वतंत्र संस्था. अन्नाशी संपर्क, जड धातू, विद्युत सुरक्षा असली प्रयोगशाळेची कामं या सेवेत येत नाहीत. त्यासाठी आयएसओ/आयईसी १७०२५ मान्यतेची लॅब लागते. इन्स्पेक्टरने लेबलवरच्या चिन्हाचा फोटो काढला, म्हणजे ती चाचणी झाली असं नाही. तो इतकंच करू शकतो, की लॅबला जाणारे नग लॉटमधून स्वतः काढून, सील करून पाठवतो. ते मात्र जरूर करून घ्या. कारखान्याने स्वतः निवडून पाठवलेल्या नगाचा लॅब रिपोर्ट त्या एका नगापुरताच.

कंटेनर भरतानाची तपासणी: अडीच. खोक्यांची संख्या, कंटेनर कोरडा आहे का, दार बंद करून आतून बघितल्यावर उजेडाचं छिद्र दिसतं का, सीलचा नंबर काय, एवढंच तिच्याकडून मिळतं. आधी पास झालेल्या थप्पीवर इन्स्पेक्टरने स्वतःचे क्रमांकित स्टिकर लावले असतील आणि भरताना तेच स्टिकर जुळवले जाणार असतील, तर ही सेवा घ्या. स्टिकर नसतील तर कंटेनरमध्ये तपासलेलाच माल चढला की दुसरा, हे तिथे उभ्या असलेल्या माणसालाही सांगता येत नाही.